देवीकडे वर्ग केलेलं प्रकरण

ज्या गोष्टीला दाखला नाही ती गोष्ट नाही. जगाचा सगळा कारभार या एका खांबावर उभा आहे. चालता-बोलता माणूस हयातीचा दाखला विसरून कचेरीत आला, तर संध्याकाळपर्यंत तो मेलेला असतो. उलट कागदावर जिवंत राहिलेल्या माणसाला यमसुद्धा हात लावू शकत नाही. (ठाणे जिल्ह्यात त्या काळी असे अमर लोक चौदा होते. पंधरावे अर्ज करायला स्वतः आल्यामुळे बाद झाले.)

हे सत्य हरिहरपंतांना जितकं ठाऊक होतं तितकं ब्रह्मदेवालाही नसेल. ठाण्याच्या कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं काढली आणि शिरस्तेदार होऊन ते निवृत्त झाले. त्या एकतीस वर्षांत एकही कागद पुष्टीच्या जोडकागदाशिवाय साहेबापुढे गेला नाही. त्याच एकतीस वर्षांत रोज सकाळी पाऊण तास ते देवपूजा करत. देवघरात एक बाळकृष्ण, एक अन्नपूर्णा आणि घासून घासून सोंड गुळगुळीत झालेला एक गणपती. आपल्या घरातल्या या सर्वात जुन्या प्रकरणाला एकही जोडकागद नाही, ही गोष्ट पंतांच्या ध्यानात कधी आली नव्हती. ती आणून देण्याचं पुण्य त्यांच्या मेहुण्याच्या पदरी पडलं.

मेहुण्याचं नाव बाळासाहेब. कल्याणला वकिली करायचे. गणेशचतुर्थीला बहिणीकडे ठाण्याला आले, अकरा मोदक खाल्ले आणि बाराव्यावर तूप घालता घालता म्हणाले, "भावोजी, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की."

"हे सगळं आहे, ते कशावरून?"

"कशावरून म्हणजे?"

"म्हणजे पुरावा काय? कोर्टात टिकेल असा?"

"बाळ," पंतांच्या पत्नी मंदाकिनीबाई म्हणाल्या, "तू आधी हात धू."

त्या दिवशी मांडल्या गेलेल्या सूचनांपैकी ही सर्वात शहाणी सूचना होती. पण तिला अनुमोदन मिळालं नाही. पंगतीत बावीस माणसं होती आणि बावीसही माना पंतांकडे वळल्या होत्या. पंतांनी पाटावरूनच घोषणा केली, "पुरावा ना? आठ दिवसांत देतो! आणि पुरावा मंजूर होईपर्यंत हा हरिहर देवापुढे हात जोडणार नाही. कागद वाचल्याशिवाय मी कधी सही केलेली नाही. हात जोडणं म्हणजे तरी काय? सहीच ती!"

बावीस माणसांनी माना डोलावल्या. बाळासाहेबांनी बारावा मोदक संपवला. आणि त्याच आठवड्यात 'सनातन श्रद्धा सप्रमाण सिद्धी मंडळी, ठाणे' स्थापन झाली.

मंडळीचे अध्यक्ष पंत आणि त्यांच्याखेरीज सभासद आठ. श्रद्धा नावाची वस्तू तर्काने, इतिहासाने आणि विज्ञानाने सिद्ध करून तसा दाखला देणं, हा तिचा उद्देश. त्यासाठी तीन पोटमंडळी नेमल्या गेल्या. तर्काची शाळामास्तर श्रीपादशास्त्र्यांकडे, इतिहासाची दप्तरखान्यातल्या उत्तमरावांकडे आणि विज्ञानाची तारऑफिसातल्या तरुण गुरुदत्ताकडे. (गुरुदत्ताची निवड मतदानाविनाच झाली, कारण ताप मोजायची काचेची नळी ठाण्यात दवाखान्याखेरीज फक्त त्याच्याकडे होती.) मुदत आठ दिवस. ती वाढवण्यात आली. मग वाढवलेली मुदतही वाढवण्यात आली. एखादं काम किती महत्त्वाचं आहे हे त्याच्या मुदतवाढीवरून ओळखावं. या हिशोबाने हे काम ठाण्यातल्या नव्या पुलापेक्षाही महत्त्वाचं ठरलं.

इकडे पंतांच्या घरी पूजा चालू होती. ती मंदाकिनीबाई हंगामी तत्त्वावर करत. पंत त्या पाऊण तासात ओटीवर बसून राहत. हातांचं काय करावं, हा प्रश्न होता. पहिल्या दिवशी त्यांनी नखं कापली. पण नखं रोज कापायला माणसाला किती असणार? मग त्यांनी वाती वळायला घेतल्या. वाती वळताना तळहातावर तळहात येतो, तेव्हा त्याला हात जोडणं म्हणायचं काय, याचा त्यांनी शास्त्रीबुवांकडून रीतसर खुलासा मागवला. हात हलते असतील तर नाही, असं उत्तर आलं. दिवाळीपर्यंत घरात चार वर्षं पुरतील इतक्या वाती झाल्या.

जिभेचंही अवघड होतं. आळीतलं कोणी विचारी, "काय पंत, यंदा थंडी पडेल का?" पंत म्हणत, "देव जा—" आणि तिथेच गपकन थांबत. "चौकशी चालू आहे."

पोटमंडळींचं काम मात्र जोरात होतं.

श्रीपादशास्त्र्यांनी पहिल्याच बैठकीत बाजी मारली. घट आहे म्हणजे घडवणारा कुंभार आहे. जग आहे म्हणजे घडवणाराही आहे. टाळ्या झाल्या. पण मंडळी सप्रमाण असल्यामुळे हा दृष्टान्त जागेवर जाऊन तपासावा, असं ठरलं. पोटमंडळी शहाडकडच्या एका कुंभाराच्या दारात उभी राहिली. मडकी आहेत का? आहेत. ती कुणी घडवली? कुंभार हुक्का ओढत म्हणाला, "घरच्या बाईनं. मी फक्त बाजारात बसतो." अहवालात नोंद झाली की कर्ता आहे हे निःसंशय, मात्र ज्याचं नाव पुढे येतं तोच कर्ता, असं समजू नये. या वाक्यावर चार बैठका झाल्या. पुढे पुढे शास्त्रीबुवांच्या पत्नी ते वाक्य घरात म्हणून दाखवायला लागल्या, म्हणून ते वगळण्यात आलं.

उत्तमरावांचं काम त्याहून भक्कम. बाळकुमच्या वाटेवर, खाडीच्या अंगाला गावदेवीचं देऊळ होतं. फिरंग्यांच्या अमलात देवी केळीच्या पानावर बसून कोलशेतहून खाडीतून आपणहून बाळकुमला आली, ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती. ती साक्षीपुराव्याने सिद्ध केली की काम फत्ते. उत्तमरावांनी दोन्ही गावांतले त्रेसष्ट म्हातारे तपासले. स्वतः पाहिलेला एकही नाही. सासऱ्याने पाहिलं असं सांगणारे अठ्ठावन्न. त्यातले हयात सासरे चार. चौघांनीही आपापल्या सासऱ्याचं नाव दिलं. यावरून उत्तमरावांनी निष्कर्ष काढला की ही घटना ठाणे जिल्ह्यात फक्त सासऱ्यांना दिसण्याजोगी होती. त्यांना स्वतःला तीन मुली होत्या, त्यामुळे त्यांना हे पटण्यासारखं वाटलं.

कोलशेतकरांनी मात्र घोटाळा केला. देवी गेली हेच त्यांना मान्य नव्हतं. "गेली? कुठं गेली? बसलीय की आमच्यातच! बाळकुमला ती नुसती सणाला जाते." तेव्हा देवी कोलशेतला कायम आणि बाळकुमला फिरतीवर आहे, असा तोडगा अहवालात निघाला. दोन्ही गावं मिळून उत्तमरावांना शोधू लागल्यामुळे पुढचे दोन महिने त्यांनी दप्तरखान्यातच काढले.

गुरुदत्त तर विज्ञानाने पेटलाच होता. शेंडी ही आकाशातली वीज ओढून मेंदूला पुरवणारी तार आहे, हे त्याने स्वतःच्या शेंडीवर दाखवून दिलं. वीज आली नाही, पण ती हवामानाची चूक होती. मग त्याने पंतांच्या परसात प्रयोग मांडला. एकाच वयाची, एकाच उंचीची दोन तुळशीची रोपं. एकीला रोज हळदकुंकू, दिवा, प्रदक्षिणा, पाणी. दुसरीला नुसतं पाणी. रोज मोजणी. चाळीस दिवसांनी पूजलेली तुळस वीतभर, आणि बिनपुजेची तरारून हातभर!

गुरुदत्ताने काचेची नळी दोन्ही तुळशींना लावून पाहिली. ताप कुणालाच नव्हता. शेवटी मंदाकिनीबाई पदर खोचत बाहेर आल्या.

"काय झालं एवढं चेहरे पाडायला? तिला मी रोज तांदळाचं धुवण घालते."

"अगं, पण का?" पंत ओरडले. "तिला काहीएक द्यायचं नाही असं ठरलं होतं ना?"

"ठरलं असेल तुमचं! एकीला हळदकुंकू लावायचं आणि शेजारचीला कोरडं उभं करायचं? एवढंसं रोप ते. माझ्याच्यानं नाही बघवलं. तुमचं शास्त्र तुमच्यापाशी."

श्रद्धेने वाढलं नाही ते दयेने वाढलं, असा अर्थ निघू नये म्हणून हा प्रयोग 'तांदूळ' या सदराखाली टाकण्यात आला.

मार्गशीर्षात शुभदा आली. पंतांची धाकटी लेक, दिलेली कल्याणला, पहिलटकरीण. सातवा सरत होता. थोरली चित्रा सहा वर्षांपूर्वी याच घरात पहिल्याच बाळंतपणात गेली. हा तपशील मंडळीच्या एकाही अहवालात नाही, कारण तो कोणत्याच पोटमंडळीच्या कक्षेत येत नव्हता.

शुभदा आली त्या दिवसापासून पंत रोज बैठक बोलावू लागले. कोणी गैरहजर राहिलं तर घरी जाऊन बोलावू लागले. "आटपा," ते म्हणत, "माघाच्या आत दाखला झालाच पाहिजे." शास्त्रीबुवांना वाटलं, ही कल्याणकर मेहुण्याशी असलेली ईर्ष्या. गुरुदत्ताला वाटलं, विज्ञानावरचं प्रेम.

एकदा ओटीवर शुभदा त्यांच्याजवळ येऊन बसली. पंत वाती वळत होते.

"तात्या, देवाला माझं सांगितलंत ना?"

पंतांनी घसा खाकरला. "अगं, अहवाल शेवटच्या टप्प्यात आहे."

"बरं." शुभदाने एक वात उचलून सरळ केली. "मग तोवर मी थांबू का?"

त्या दिवशी पंतांनी वळलेल्या वातींपैकी एकही पेटण्याच्या लायकीची निघाली नाही.

चित्राच्या वेळी त्यांनी नऊ महिने हात जोडले होते. पहाटे जोडले, दुपारी जोडले, वाटेतल्या दर शेंदऱ्या दगडाला जोडले. त्याचं काय झालं ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? तरी आता पुन्हा जोडावेसे वाटत होते. हे कोणत्या न्यायात बसतं, हे त्यांनी शास्त्रीबुवांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला एक बैठक लागली असती.

माघात एका दुपारी अखेरचं मतदान झालं. ठरावाचा मजकूर असा होता: 'श्रद्धा सिद्ध झाली आहे.' बाजूने चार. विरुद्ध चार. विरुद्ध मत देणारे नास्तिक होते असं कोणी समजू नये. ते मंडळीतले सर्वात भाविक सभासद होते. त्यांचं म्हणणं एवढंच, की असल्या पुराव्यांवर सिद्ध झाली तर देवाची अब्रू जाईल.

आता अध्यक्षांचं एक मत उरलं. पंतांच्या हातात सगळं होतं. एक 'हो' म्हटलं की दाखला तयार, घरी जाऊन हात जोडायला मोकळे! ते उठले, बसले, परत उठले आणि म्हणाले, "मला हे मत देता येत नाही. माझा यात मतलब आहे. मतलबी माणसाने आपल्याच कागदावर शेरा मारायचा नसतो."

मग एकतीस वर्षांची नोकरी पंतांच्या तोंडून आपोआप बोलली, "खालच्या कचेरीत निकाल लागत नाही ते प्रकरण वरिष्ठांकडे वर्ग करायचं. रीत आहे ती."

"पण पंत," उत्तमरावांनी विचारलं, "या प्रकरणात वरिष्ठ कोण?"

सर्वांनी वर पाहिलं. (आढ्याला एक पाल होती.)

"कौल लावू," पंत म्हणाले.

मंडळीच्या इतिहासातला एकमताने मंजूर झालेला हा एकमेव ठराव. श्रद्धेला पुरावा आहे की नाही, याचा निर्णय देवीने द्यावा, यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. सहा महिने पुरावा तपासणाऱ्या माणसांनाच एवढी सरळ वाट दिसू शकते. निरीक्षक म्हणून आलेल्या बाळासाहेबांनाही हसू आलं नाही. वरच्या कोर्टात जायचं म्हटल्यावर ते कोट चढवून तयार झाले. दोन बैलगाड्या जुंपल्या आणि मंडळी बाळकुमच्या वाटेला लागली.

गावदेवीचा गुरव गुणाजी समया घासत बसला होता. दहा पागोटी एकदम पाहून त्याला वाटलं, देऊळ जप्त करायला आले.

"कौल लावायचाय," शास्त्रीबुवा म्हणाले.

तिथली पद्धत साधी. गुरव दोन ओली फुलं देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. गुणाजीने हात धुतले. "बोला, काय इचारू?"

शास्त्रीबुवांनी कागद उलगडला आणि अकरा ओळींचं एक वाक्य वाचून दाखवलं. गुणाजीने शेवटपर्यंत मान हलवली आणि मग विचारलं, "म्हंजे देवी हाय का नाय, ह्या देवीलाच इचारायचा?"

"छे, छे! ती आहे की नाही असं नव्हे. ती आहे हे सिद्ध झालंय की नाही, असं विचार."

"आता मास्तर, ता तिला कसा ठाव आसल? तुमच्या सभेला ती नव्हती."

"विचार रे तू!" गुरुदत्त म्हणाला.

गुणाजीने फुलं लावली, डोळे मिटले आणि अकरा ओळींचं दोन शब्दांत केलं. "आये, सांग."

डावं फूल पडलं.

सगळे एकदम बोलायला लागले. गुरुदत्ताचं मत, खाडीवरचा वारा डाव्या अंगाने येतो, सबब फूल अग्राह्य. उत्तमराव म्हणाले, पूर्वी असं घडल्याचा दाखला पाहावा लागेल. शास्त्रीबुवांचे डोळे मात्र लकाकू लागले. "थांबा! देवीने नकार दिला. म्हणजे देवी आहे! आहे म्हणूनच नकार देऊ शकली. म्हणजे सिद्ध झालं. पण सिद्ध झालं असेल तर नकार खोटा. नकार खोटा, तर देवी—" ते मटकन पायरीवर बसले. त्यांना पाणी देण्यात आलं.

त्याच गलक्यात पंतांचा गडी धोंडीबा धापा टाकत देवळाच्या पायऱ्यांशी आला. ठाण्यापासून पळत आला होता.

"पंत, शुभाताईंना कळा लागल्या. गंगुबाई सुईण आलीय. बाईसाहेब म्हणाल्या, असाल तसे या."

पंत उठले. गाडीकडे दोन पावलं गेले. मग वळले.

"गुणाजी, आणखी फुलं आहेत का?"

"हायत की. कुनाचा कौल?"

"लेकीचा."

गुणाजीने पुढे काही विचारलं नाही. तो आत गेला. उत्तमरावांनी त्या दिवसाचं टिपण मिनिटवार ठेवलं आहे. बैल किती वाजता सुटले तेही त्यात आहे. फक्त अध्यक्षांचे हात नेमके केव्हा जुळले, त्याची वेळ नाही. कोणीतरी पाहिलं तेव्हा ते जुळलेलेच होते. आणि हलत नव्हते.

फूल पडलं. पंतांनी ते पाहिलं, मग ते गाडीत चढले आणि धोंडीबाने बैल हाकले.

गाडी वळणाआड गेली तरी मंडळी तिथेच. मग शास्त्रीबुवा पायरीवरून उठले आणि सहज विचारावं तसं म्हणाले, "गुणाजी, आलोच आहोत तर... माझ्या गुडघ्याचं जरा विचारशील?" त्यांच्यामागे गुरुदत्त उभा राहिला, त्याच्या बदलीचं होतं. उत्तमरावांना तिसऱ्या मुलीचं स्थळ होतं. नुकत्याच 'असिद्ध' ठरलेल्या देवीपुढे आठही सभासद ओळीने उभे राहिले. मागच्याने ढकलू नये म्हणून दोनदा ताकीद द्यावी लागली. सर्वात शेवटी बाळासाहेब होते. आपण केवळ निरीक्षक आहोत, हे त्यांनी पुढच्याला सांगून ठेवलं. ओळ सरकली तसे निरीक्षकही सरकले.

"तुमचा काय, वकीलसाहेब?"

"भाचीचं," बाळासाहेब हळूच म्हणाले.

"तिचा तर आता पंतांनी इचारला."

"असू दे. अपील असतं."

दिवेलागणीला शुभदा बाळंत झाली. मुलगी. गंगुबाईने दार उघडून सांगितलं, "दोघी बऱ्या हायत." पंतांनी जुन्या सवयीने विचारलं, "नक्की?" गंगुबाई म्हणाली, "कान नायत काय तुमाला? रडते कशी बघा!" आणि दार लावून घेतलं. पंत दारापाशीच उभे राहिले. आतून दोन आवाज येत होते, एक लहान, एक मोठा. दोन्ही आवाज येत राहिले तोवर ते तिथून हलले नाहीत.

मंडळीचा अहवाल पुढच्या वर्षी छापून निघाला. पानं दोनशे बारा. शेवटच्या पानावर निष्कर्ष: 'प्रकरण वरिष्ठांकडे प्रलंबित.' प्रती सगळ्या खपल्या. त्या काळी पुस्तकाच्या पानांच्या कडा जोडलेल्या येत आणि वाचणाऱ्याला त्या कापाव्या लागत. शंभरात सत्त्याण्णव प्रतींच्या कडा आजही शाबूत आहेत. तरी अहवालामुळे आपली श्रद्धा दृढ झाली, अशी पत्रं मंडळीला तीनशेवर आली. आणि आपली अश्रद्धा दृढ झाली, अशी कल्याणहून साधारण तितकीच.

एक गोष्ट मात्र अहवालात नाही. शुभदासाठी लावलेल्या कौलाचं पंतांचं फूल आणि बाळासाहेबांच्या अपिलाचं फूल कोणत्या बाजूला पडलं, ते मंडळीने ठरावपूर्वक गाळलं आहे. तर्क, इतिहास आणि विज्ञान या तिन्ही दृष्टींनी तो तपशील निरर्थक आहे, असं कारण दिलं आहे, आणि ते बिनतोड आहे. वारा आला, फूल पडलं. मुलगी झाली, आई वाचली. एकाचा दुसऱ्याशी काय संबंध?

सुशिक्षित, विचारी वाचकाला हे अर्थातच पटलेलं आहे. तेव्हा ती फुलं डावीकडे पडली की उजवीकडे, हे सांगितल्याशिवाय गोष्ट संपवू नये असं ज्या वाचकाला या घटकेला वाटतंय, त्याने तसं वाटण्याचं कारण तिन्हींपैकी ज्या पोटमंडळीत बसेल तिच्याकडे लेखी पाठवावं. जोडकागद आवश्यक आहे.